साडेचार तासांचं इस्तंबूल

१

फरहानच्या गाडीची पुढची काच फुटली, त्याच सकाळी धोंडाबाई गांगुर्डे मेहरुन्निसाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. दोन्ही गोष्टींचं कारण एकच होतं. धोंडाबाईची मुलगी पायल बावीस दिवसांपूर्वी नोकरीसाठी इस्तंबूलला गेली होती आणि गेले अकरा दिवस तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

जुन्या नाशकात दूध बाजाराच्या तोंडाशी मेहरुन्निसाचं दुकान. मक्केला उमऱ्यासाठी जाणाऱ्यांची तिकिटं आणि व्हिसा ती एकतीस वर्षं करत आली होती. आता लोक मोबाईलवरच तिकीट काढत, दुकानात खुर्च्या रिकाम्या असत. पण कुठलं विमान किती वाजता उडतं आणि किती तासांत कुठं उतरतं, हे तिला अजून तोंडपाठ होतं.

धोंडाबाई नाशिकरोडच्या एका दवाखान्यात आया होती. मेहरुन्निसाचा नवरा मुझफ्फर शेवटचे चाळीस दिवस तिथं होता. त्याचं सगळं धोंडाबाईनं केलं, एकदाही नाक न मुरडता. मेहरुन्निसा ते विसरली नव्हती.

"आपा, फरहानला पोलिसांनी दोनदा नेलं," धोंडाबाई म्हणाली. "माझ्या पोरानंच त्याचं नाव दिलं. वस्तीतली पोरं म्हनत्यात, त्यानंच पायलला विकली. काच त्यांनीच फोडली असंल."

फरहान मेहरुन्निसाच्याच गल्लीतला. शाळेच्या मुलांची ने-आण करायचा, मधूनच मुंबईचं भाडं मारायचा. पायलला विमानतळावर त्यानंच सोडलं होतं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? मला माझी पोरगी पायजे."

"पोलिस काय म्हणतात?"

"म्हनले, सव्वीस वर्सांची हाय. मेसेज येतोय ना? मग हरवली कशी?"

मेहरुन्निसानं तिचा मोबाईल घेतला. पायल गेली त्या रात्रीचे दोन मेसेज मराठीत होते. एक वाजून पाच मिनिटांनी: 'बसले आई. मोबाईल बंद करते.' पाच पस्तीसला: 'उतरले. सगळं ठीक. काळजी करू नको.' खाली एक फोटो, खिडकीतून काढलेला. पुढचे अकरा दिवस रोजचे मेसेज आणि संध्याकाळी फोन. मग फोन बंद, आणि दोन-तीन दिवसांआड एकच ओळ, इंग्रजी अक्षरांत. मी ठीक आहे, काम खूप आहे, फोन करू नको.

"ही ओळ मला शेजारनीकडून वाचून घ्यावी लागते," धोंडाबाई म्हणाली. "मला इंग्रजी अक्षरं येत नायत, हे पायलला ठाऊक हाय. तिनं मला अशी कधी लिव्हली नायत."

म्हणजे हे दुसरंच कुणी लिहीत होतं. मेहरुन्निसा पुन्हा वर गेली, त्या फोटोपाशी थांबली. विमानाचा पंख, त्यावर केशरी ऊन, मागे धावपट्टी.

"हा फोटो आला तेव्हा तू कुठं होतीस?"

"पहिल्या पाळीला निघाले होते. मिट्ट काळोख. कुत्री अंगावर आली म्हनून मोबाईलची बॅटरी लावाया गेले, तवा दिसला."

मेहरुन्निसानं मोबाईल टेबलावर ठेवला.

"धोंडाबाई, तुझी पोरगी इस्तंबूलला गेलीच नाही."

२

तिनं समजावून सांगितलं. मुंबईहून इस्तंबूल पावणेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. विमानाला पावणेसात-सात तास लागतात. पायल साडेचार तासांतच उतरली होती. तिथं विमान पोचणंच शक्य नव्हतं.

"आणि इस्तंबूलचं घड्याळ आपल्या मागं आहे, अडीच तास. तू कुत्री हाकलत होतीस तेव्हा तिथं रात्रीचे तीन वाजले होते. मग पंखावर ऊन कुठून आलं? सूर्य आपल्याआधी कुणाकडं उगवतो?"

"ज्या अंगानं उगवतो त्या अंगाच्या लोकांकडं."

"म्हणजे ती पश्चिमेला नाही, पूर्वेला गेली. साडेचार तास पूर्वेला. पण मग तिनं तुला सांगितलं का नाही?"

धोंडाबाईला ते ठाऊक नव्हतं. तिकीट कुणी पाहिलं नव्हतं, कंपनीनं ते थेट पायलच्या मोबाईलवर पाठवलं होतं. नोकरीचं राखीनं सांगितलं होतं. राखी आणि पायल सातपूरला एका कुरियरच्या ऑफिसात बरोबर कामाला होत्या. राखी आणि तिचा भाऊ सोमा आधी इस्तंबूलला गेले. राखी तीन महिन्यांपूर्वी आजारी आईसाठी परत आली. सोमा तिकडेच होता.

फरहान द्वारका चौकाजवळ एका गॅरेजमध्ये गाडीपाशी उभा होता. सीटवरचे काचेचे तुकडे फडक्यानं गोळा करत होता.

"खाला, मी फक्त सोडलं तिला."

"गाडीत कोण कोण होतं?"

"पायल आणि राखी. पायलचा भाऊ आलाच नाही. विमानतळावर एक टोपीवाला भेटला. त्यानं पायलला बाजूला घेतलं, पाच-सात मिनिटं बोलला. परत आली तर चेहरा उतरलेला. राखीनं तिचा हात दाबला, म्हणाली, 'अगं, पहिल्यांदा असंच असतं.' मग ती आत गेली."

"आणि राखी?"

"विमान उडेपर्यंत मला निघू देईना. मोबाईलवर बघत बसली. नंतर कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबवायला लावली, ओकली. मला वाटलं, मैत्रीण गेली, जीव लागला असेल."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"त्यांनी मला विचारलं कुठं, खाला? त्यांनी मला सांगितलं." त्यानं फडकं झटकलं. "अकरा मुलांच्या घरून फोन आले, उद्यापासून येऊ नको म्हणून. जाऊ दे. पण एक विचारा त्या भावाला. निघायच्या आदल्या दिवशी तो वस्तीच्या कोपऱ्यावर तिच्यावर ओरडत होता. मी ऐकलंय. 'गेलीस तर आम्हाला मेलीस' म्हणाला."

३

पायलचा भाऊ बुद्धभूषण एका कॉलेजात कारकून होता. संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत तो मुलांसाठी अभ्यासिका चालवायचा. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं. मेहरुन्निसाला पाहून तो उठला, खुर्ची पुसून दिली, आणि आई मागे उभी आहे हे पाहून त्याचा चेहरा आवळला.

"फरहानची बाजू घेऊन आलात का?"

"पायलची. तू तिला 'मेलीस' म्हणालास?"

"म्हणालो." त्यानं नजर चुकवली नाही. "ती एमकॉम करू शकली असती. स्पर्धा परीक्षा देऊ शकली असती. कुठल्या तरी हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायला एवढं शिकवलं का आईनं? राग आला होता."

"आणि ती गेल्यावर तिचा तुला फोन आला का?"

"नाही."

"नीट आठव. तिचा मोबाईल दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. तिला फोन करायचा झाला तर दुसऱ्याचा मागून करावा लागेल. तुझ्या आईचा नंबर गेल्या दिवाळीत बदलला, तो तिला पाठ असेल असं वाटत नाही. तुझा नंबर किती वर्षं तोच आहे?"

"बारावीपासून."

"मग तिनं तुलाच केला असणार."

बुद्धभूषणनं खिशातून मोबाईल काढला, बऱ्याच वेळानं एक यादी उघडली. उचलायचे नाहीत म्हणून अडवून ठेवलेले नंबर. सगळ्यात वरच्या नंबरासमोर सात मिस्ड कॉल होते. अकरा दिवसांपूर्वीचे, एकाच दुपारचे, पंचवीस मिनिटांतले.

"परदेशातला नंबर," तो म्हणाला. "असे फसवणुकीचे कॉल येतात. मीच या मुलांना सांगतो, अनोळखी परदेशी नंबर उचलू नका. सातव्यांदा आला तेव्हा वैताग आला. मी तो अडवूनच टाकला."

धोंडाबाईनं भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू खाली बसली.

मेहरुन्निसानं नंबराचे पहिले दोन आकडे पाहिले. सहासष्ट. "थायलंड. मुंबई ते बँकॉक चार-साडेचार तास, आणि सूर्य आपल्याआधी दीड तास. जुळतंय."

"आता लावू का?" बुद्धभूषणनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लावला. पलीकडे एक बाई न समजणाऱ्या भाषेत ठरलेलं वाक्य बोलत होती. नंबर बंद झाला होता.

"फरहानला तिकिटाचं माहीत नव्हतं, तुला बँकॉकचं माहीत नव्हतं," मेहरुन्निसा म्हणाली. "इस्तंबूल हा शब्द तुमच्या घरात पहिल्यांदा कुणी आणला?"

४

राखीच्या वडिलांचं देवळाली कॅम्पच्या बाजारात दुकान होतं, फौजी गणवेश शिवायचं. मागे दोन खोल्या. बाहेर मशीन चालू होतं. राखीनं दार उघडलं. धोंडाबाईला पाहून ती क्षणभर थांबली, मग पुढे होऊन तिच्या पाया पडली.

"मावशी, येईल हो तिचा फोन. तिथं सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो."

तिची आई भागीबाई आतून चहा घेऊन आली. गोल चेहऱ्याची, बोलघेवडी बाई. आजारी होती म्हणे, पण तशी दिसत नव्हती.

मेहरुन्निसानं चौकशी करावी तसं विचारलं. तिच्याकडं गिऱ्हाइकं येतात, तिकडची माहिती हवी म्हणून. राखी घडाघडा बोलली. थंडी फार, समुद्र छान, जुना बाजार मोठा, लोक प्रेमळ. पुस्तकातून वाचून दाखवावं तसं.

"विमानात किती वेळ गेला तुझा?"

"झोपले होते मी. कळलंच नाही."

"आणि सोमा?"

"तो मजेत आहे. त्याला बढती मिळाली." राखी कपाच्या कानाशी चाळा करत होती.

"एकटं वाटत असेल पोरांना एवढ्या लांब," मेहरुन्निसा भागीबाईकडं वळून म्हणाली. "माझा मुलगा जेद्दाला आहे. पंधरा पंधरा दिवस फोन करत नाही. तुमची पोरं करायची का?"

"राखी सुरुवातीला रोज करायची हो!" भागीबाई कौतुकानं म्हणाली. "माझी आठची मालिका सुरू झाली रे झाली की हिचा फोन. म्हणायची, 'आई, आमचे साडेनऊ वाजले, जेवणं झाली, आता झोपते.' मी म्हणायचे, अगं, जरा आधी करत जा, इथं सासू-सुनेचं भांडण रंगात येतं तेव्हाच नेमकी..."

राखीच्या हातातला कप बशीवर वाजला.

बाहेरचं मशीन थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"जेद्दा आणि इस्तंबूलचं घड्याळ एकच आहे, राखी," मेहरुन्निसा म्हणाली. "तुझ्या आईची मालिका लागते तेव्हा माझ्या मुलाकडं संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. आठ वाजता साडेनऊ वाजतात ते बँकॉकला. तू इस्तंबूल पाहिलेलंच नाहीस."

भागीबाई हसत होती. तिला काही समजलं नव्हतं.

"आई," राखी म्हणाली, "तू जरा बाबांकडं जा."

"का गं?"

"जा म्हणते ना."

५

आई गेल्यावर मेहरुन्निसाच बोलली. पायलला नोकरी सुचवणारी तू. टोपीवाला तिला बाजूला घेऊन काही वेगळंच सांगणार, हे आधीपासून माहीत असणारी तू. विमान उडेपर्यंत तिथून न हलणारी तू. मैत्रिणीचा निरोप घेणारं माणूस आत सोडून निघतं. ज्याला माल चढला की नाही हे बघायचं असतं, तोच थांबतो.

"टोपीवाल्यानं तिकीट बदलून दिलं, सांगितलं, आधी पंधरा दिवस बँकॉकला ट्रेनिंग, मग इस्तंबूल," राखी म्हणाली. "घरी सांगू नको, घाबरतील. आम्हालाही तेच सांगितलं होतं. मी आणि सोमानंही घरी सांगितलं नाही."

"आणि मग?"

"दहा-अकरा दिवस हॉटेलात ठेवतात, लाड करतात. मग गाडीनं आठ-नऊ तास. नदी. रात्री होडीतून पलीकडं. तो देश कुठला, हे मला दोन दिवसांनी कळलं. निळ्या छपरांच्या इमारती आहेत, भोवती तारा. मोबाईल काढून घेतात. इथल्या लोकांना फोन लावायचे. 'मी पोलिस बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे.' मराठी येणाऱ्यांना मराठी माणसं देतात. रोजचा आकडा झाला नाही तर..." ती थांबली. तिनं पाय जवळ ओढून घेतले. "सोमाला ते माझ्यासमोर मारायचे."

धोंडाबाई तिच्याकडं बघत होती. पापणीही हलत नव्हती.

"मला सोडलं ते एका अटीवर. दोन जणं पाठव, सोमाला सोडतो. दोन महिने मी कुणाला विचारलं नाही, मावशी. खरंच नाही. मग त्यांनी सोमाचा व्हिडिओ पाठवला."

"पायलच का?" धोंडाबाईनं विचारलं. एवढ्या वेळात तिचे हे पहिलेच शब्द.

"तिचा माझ्यावर विश्वास होता," राखी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा नव्हता."

"आणि सोमा सुटला?"

"नाही. म्हणाले, अजून एक."

"मला येनारे मेसेज कोन लिव्हतं?"

"जो मराठी असेल त्याच्याकडून लिहून घेतात." राखीचा चेहरा वाकडा झाला. "सोमाच लिहीत असेल. त्याला देवनागरी टाइप करता येत नाही."

धोंडाबाई उठली. ती मारेल असं मेहरुन्निसाला वाटलं. राखीलाही वाटलं असावं, तिनं मान खाली घातली. पण धोंडाबाई दाराशी गेली आणि बाहेरच्या मशीनच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडली, "भागीबाई, आत या. तुमच्या लेकीला तुमास्नी काय तरी सांगायचंय."

६

त्या संध्याकाळी राखीनं पोलिसांसमोर जबाब दिला. निळी छपरं, नदी, होडी लागते ती जागा, सगळं तिनं कागदावर काढून दाखवलं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली, महिन्याभरानं जामीन झाला. बुद्धभूषणनं अर्जांवर अर्ज केले, दिल्लीपर्यंत जाऊन आला. तरी चार महिने गेले. शेवटी तिकडच्या फौजेनं त्या इमारतींवर छापा घातला आणि दोनशेवर माणसं बाहेर काढली. पायल त्यांत होती. सोमा नव्हता. तो दुसरीकडं विकला गेला, एवढंच कुणीतरी सांगितलं.

बुद्धभूषण फरहानकडं माफी मागायला गेला होता. फरहाननं त्याला चहा पाजला. शाळेची मुलं मात्र त्याच्या गाडीत परत आली नाहीत. त्यानं गाडी विकली आणि सिन्नरला एका कारखान्यात रखवालदार म्हणून लागला.

पायल घरी आली ती हाडाची काडी होऊन. डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. वस्तीत काय काय बोलतील या धाकानं धोंडाबाईनं सगळ्यांना एकच सांगितलं, कंपनी बुडाली म्हणून पोरगी परत आली. पोलिसांनीही नाव बाहेर येऊ दिलं नव्हतं. पायल फारसं बोलत नसे. मोबाईल वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जाई.

आठवड्यानं मेहरुन्निसा तिला भेटायला गेली. सोमवारी धोंडाबाईला कोर्टात राखीविरुद्ध जबाब द्यायचा होता, त्याचं बोलणं चाललं होतं.

"कायदा काय करंल ते करू दे," धोंडाबाई म्हणाली. "मी तिला जन्मात माफ करनार नाय. भावासाठी केलं म्हनं! माझ्या पोरीच्या जिवावर?"

पायल तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. हसरी, गोरीपान, हातात पेढ्यांचा पुडा. ती निकिता, पायलची जुनी मैत्रीण. पायलच्या जागी कुरियरच्या ऑफिसात लागलेली.

"तू आलीस हे आजच कळलं गं!" तिनं पायलला मिठी मारली. "केवढी वाळलीस! तिकडचं जेवण मानवलं नाही का? बरं झालं आलीस. पण खरं सांगू, माझंच नशीब फुटकं. बॅग भरून ठेवली होती मी."

"कशासाठी?" मेहरुन्निसानं विचारलं.

"इस्तंबूलला जायचं होतं ना. तिकीटही आलं होतं, एकोणीस तारखेचं. आणि सतराला त्या लोकांचे फोनच बंद. आता कळलं, कंपनीच बुडाली."

छापा सोळा तारखेच्या रात्री पडला होता.

मेहरुन्निसाला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तिनं विचारलं.

"तुला ही नोकरी कुणी सुचवली, बाळ?"

"कोण सुचवणार? हिनंच." निकितानं पायलच्या खांद्यावर हात ठेवला. "पंधरा दिवस रोज फोन करायची. म्हणायची, ये गं, दोघी एका खोलीत राहू."

पायलनं ताटातला एक खडा बाजूला काढला. मग दुसरा. निकितानं पुडा उघडून तिच्यापुढं धरला. पायलनं एक पेढा घेतला, तोंडात घातला आणि तो तिला गिळता येईना.

निकिता अर्धा तास बसली, ऑफिसच्या गमती सांगितल्या, पुन्हा येते म्हणून गेली. धोंडाबाई तोवर चहाचा ट्रे हातात धरून ओट्यापाशी तशीच उभी होती. चहा कुणालाच दिला गेला नव्हता.

"मला त्यांनी सांगितलं होतं..." पायल म्हणाली आणि थांबली.

कुणी तिला पुढं बोल म्हटलं नाही.

धोंडाबाईनं ट्रे खाली ठेवला. "आपा," ती म्हणाली, "सोमवारी कोर्टात मी काय सांगू?"

बोलली ती पायल.

"खरं सांग, आई."

धोंडाबाईनं लेकीकडं पाहिलं.

"कुनाचं?"